नाडीचा डाग

म्हैसूर स्टेशनवर गाडी हलायच्या आधी आईने खिडकीतून शेवटचं सांगितलं ते हेच, की तिथे उन्हात हिंडू नकोस, काळी होशील. मी नोकरीसाठी ब्रिस्बेनला निघाले होते आणि तिला काळजी माझ्या रंगाची.

ब्रिस्बेनमध्ये पाहते तर अख्खं शहर उन्हाला भ्यालेलं. ऑफिसात सनस्क्रीनची बाटली, टोपीशिवाय मुलं मैदानात उतरत नाहीत, आणि वर्षातून एकदा डॉक्टर भिंग घेऊन अंगावरचा तीळ न् तीळ बघणार. तिळाचा रंग, आकार बदलला किंवा जखम भरेना, की लगेच दाखवायचं, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला हसू यायचं. आपल्या सावळ्या कातडीला कसली आलीय भीती, असं मी बिनदिक्कत म्हणायचे.

नोकरीच्या सातव्या वर्षी म्हैसूरला, बोगादीच्या आमच्या घरी सुट्टीला आले. आईच्या निऱ्या धरताना तिच्या कमरेवर, परकराच्या नाडीखाली, जाड कडांची जखम दिसली. वर्षभर ती त्यावर हळद लावत होती.

"बिडु गं, सोड. नाडीचा डाग तो. सगळ्या बायकांना असतोय."

डाग असतो सगळ्यांना, खरंच. पण हा चिघळत होता. तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. तुकडा काढून तपासला, तर कातडीचा कॅन्सर. जन्मात ऊन न लागलेल्या जागी! चाळीस वर्षं एकाच जागी करकचून बांधलेली नाडीसुद्धा हे करू शकते, असं डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत होत्या आणि मी माझ्या सनस्क्रीनसकट खाली मान घालून ऐकत होते.

कॅन्सर पसरून जांघेत गाठी आल्या नाहीत ना, हे बघून त्यांनी भोवतालच्या चांगल्या कातडीसकट जखम काढली. मग रिपोर्टची वाट. ते दिवस मी नुसती आईकडे बघत काढले. कडा स्वच्छ आल्या. कापलेल्या तुकड्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली धरून, माणसाच्या अंगात मागे काही उरलं नाही असं कुणी सांगू शकतं, याने मी आजही थक्क होते.

त्याहून थक्क केलं आईने. मला कधी पोट दिसू न देणारी ही बाई आता हळदीकुंकवाला बायकांना आत नेऊन व्रण दाखवते. नाडी सैल बांधा, रुंद पट्टी लावा, जागा बदलत जा, असं बजावते.

माझ्या निघायच्या आदल्या दिवशी तिने मला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि पाठ, कंबर बोटाने तपासली.

"डॉक्टर वर्षातून एकदा बघतोय. मधे तुझी पाठ कोण बघतंय गं तिथं?"

तुझं घर कुठलं, असं इथे ब्रिस्बेनमध्ये कुणी विचारलं की मी बोगादी सांगते. माझी पाठ बघणारं माणूस तिथे आहे.