साहेबांचा चेंडू

बास्केटबॉलचा चेंडू रिंग आणि फळीच्या बेचक्यात अडकला होता. शिरूरच्या आमच्या शाळेचं सिमेंटचं मैदान. आत खेळणाऱ्या पोरींच्या पायांत पांढरे बूट. मी कुंपणाबाहेर, डोक्यावर दप्तर धरून बघत उभी. आठवीत होते, पण उंची मास्तरांच्याही वर गेलेली.

"ए मेंढ्यावाली, इकडं ये. चेंडू काढ," संस्थेच्या अध्यक्षांची मुलगी म्हणाली.

मी चपला काढून आत गेले. उडी मारली, चेंडू खाली आला. पहिल्यांदाच हातात आला. खरखरीत, जड. टाकून बघावा वाटलं म्हणून हात वर केले.

"टाकायला नाही सांगितलं. काढायला सांगितलं."

तिनं चेंडू ओढून घेतला आणि रुमालानं पुसला. मग स्वतःचे हात पुसले. पोरी हसल्या. खेळाचे सरही हसले. पोरींना अक्कल नव्हती. सर तर शिकलेले होते.

वर्षभर तेच. चेंडू अडकला की मला हाक. काढला की बाहेर.

आमचं घर तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मेंढरं विकून रान घेतलेलं. पण लोकांच्या तोंडातून मेंढरं गेली नव्हती.

एकदा केडगावच्या मिशनच्या शाळेतल्या पोरी सामना खेळायला शिरूरला आल्या. त्यांच्याबरोबर रूथबाई. त्या शिवण आणि खेळ दोन्ही शिकवायच्या. त्या दिवशीही चेंडू अडकला, मला हाक आली, मी काढून दिला. बाईंनी ते बघितलं. पुढच्या आठवड्यात त्या तळेगावच्या बाजारात हजर. आबा गवार घेऊन बसलेले.

"मामा, पोरीला माझ्याकडं धाडा. वसतिगृहात राहील. शिकवीन आन् खेळवीन."

"बाई, आधीच लई उंच झालीया. लगीन जुळायचं न्हाई तिचं."

"उंच हाय म्हणून तर आले, मामा."

आबांनी बाईंच्या पिशवीत दोन ओंजळी गवार टाकली. तोच त्यांचा होकार.

केडगावात मी खेळाडू झाले. कुणाचा तरी नेम चुकतो, चेंडू फळीवर आपटून परत येतो, तो दुसऱ्यांच्या आधी हवेतच धरायचा. हे माझं काम. ते करत करत जिल्हा झाला, राज्य झालं, आणि एक दिवस देशाच्या महिला संघात नाव आलं.

त्या संघाचा इतिहास विचाराल तर असा. पुरुषांच्या संघाचे उरलेले शर्ट आम्हाला मिळायचे. बाकीच्या पोरींच्या गुडघ्यापर्यंत यायचे, मला तेवढे नीट बसायचे. शिबिरात सकाळी हॉल पुरुषांना. आम्हाला दुपारी, पत्रे तापल्यावर. स्पर्धेला रेल्वेच्या डब्यात संडासाच्या दाराशी बसून जायचं. छातीवर देशाचं नाव, बुडाखाली वर्तमानपत्र.

परदेशातल्या एका स्पर्धेला संघाबरोबर फिजिओ यायची होती. दुखापत बघणारी बाई. ऐनवेळी तिच्या जागेवर मॅनेजर म्हणून अध्यक्षांची मुलगी आली. शाळेनंतर तिनं चेंडूला हात लावला नव्हता. पण बाप मोठा, म्हणून संघटनेत पद मिळालं होतं. आता तिला मॅडम म्हणायचं.

सामन्यात केरळच्या लिसीचा गुडघा फिरला. ती आमची सगळ्यात चपळ पोरगी. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. मॅडम जागेवर नव्हत्या. खरेदीला गेल्या होत्या. मी बॅगेतली ओढणी काढून गुडघा बांधला आणि लिसीला पाठीवर घेऊन बसपर्यंत नेलं.

"दीदी, छोड़ना मत," ती सारखं म्हणत होती.

संध्याकाळी मॅडम पिशव्या सांभाळत आल्या. "फार दुखतंय का तिला?" एवढं विचारलं. मग घेतलेल्या सँडल आम्हाला दाखवल्या.

लिसी पुन्हा खेळली नाही.

माझाही खेळ पुढं सुटला. सणसवाडीच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले. मग गेल्या उन्हाळ्यात अध्यक्षांच्या संस्थेनं दौंडला छताखालचं कोर्ट बांधलं, आणि मुलींना शिकवायची नोकरी मला द्यायचं कबूल केलं. मी हुरळले. उद्घाटनाला आबांना आणि रूथबाईंना घेऊन गेले.

मॅडमचं भाषण होतं, महिला संघाच्या इतिहासावर. पडद्यावर चित्रं. "आम्ही फार सोसलं," त्या म्हणाल्या. आम्ही. मग आवाज जड करून म्हणाल्या, "परदेशात माझ्या एका मुलीचा गुडघा निखळला. मी स्वतःची ओढणी काढून तो बांधला."

टाळ्या. आबाही टाळ्या वाजवत होते. त्यांना काय माहीत.

पुढं अध्यक्षांनी पहिला चेंडू टाकायचा होता. कडक इस्त्री, गळ्यात हार. चेंडू टाकला, निम्म्यात पडला. पुन्हा टाकला, जाळीला वारासुद्धा लागला नाही. फोटोवाला कंटाळला. तेव्हा मॅडम माझ्याजवळ आल्या आणि चेंडू हातात दिला.

"तू त्या खांबाशी उभी राहा. फोटोत येणार नाहीस. बाबांनी हात वर केले की तू टाक."

समोर जमिनीवर शाळेच्या पोरी बसल्या होत्या. फोटोत जे येणार नव्हतं, ते त्यांना दिसणार होतं. उद्या ह्याच पोरी मला बाई म्हणणार होत्या.

"न्हाई टाकणार," मी म्हणाले.

"अगं, एक फोटोच आहे."

"गुडघा मी बांधला. ओढणी माझी व्हती. तिचं नाव लिसी. तुम्ही तवा सँडल घेत व्हता."

माईक नव्हता. पण कोर्ट नवं, आवाज घुमला. अध्यक्ष जवळ आले. हसत, दातांतल्या दातांत म्हणाले, "नोकरी हवी आहे ना तुला?"

"खेळ शिकवायची हवी व्हती, साहेब. ही न्हाई."

चेंडू मी त्यांच्या पायाशी ठेवला. त्यांना वाकता येईना, हार आडवा येत होता. आणि दुसऱ्या कुणाची उचलायची हिंमत होईना. तेवढे सगळे मोठे लोक एका चेंडूकडं बघत उभे. आबा उठले, "चल" म्हणाले. रूथबाई माझ्या आधी दाराशी पोचल्या होत्या.

नोकरी अध्यक्षांच्या भाच्याला मिळाली. त्याला खेळातलं काही कळत नाही. तिथं कळावं लागतही नाही. मी अजून पॅकिंगलाच आहे. मॅडम मात्र आता गावोगाव तो इतिहास सांगत फिरतात. पुस्तकही काढणार आहेत म्हणे.

मी लिसीला फोन केला. बाकीच्या पोरींनाही केले. कुणी रेल्वेत कारकून, कुणी घरी बसलेली. सगळ्यांना सांगितलं, त्या बाईचं भाषण तुमच्या गावात असेल तर जा. माझ्या भागात असेल तर मी सुट्टी टाकून जाणार. पुढं बसणार. आणि त्यांनी तोंड उघडलं की उभं राहून म्हणणार, "मॅडम, आधी खेळलेल्या पोरींची नावं सांगा. एकेकीचं." येत नसतील तर त्यांना खाली बसायला लावणार.