थिएटरताईचे हात

एकवीस वर्षं तिने ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या तळहातावर हत्यारं ठेवली. त्यांनी तोंड उघडायच्या आत चिमटा हातात पडलेला असायचा. बोलणं नाही, मास्कवरचे डोळे तेवढे; आणि खाली निजलेला माणूस, ज्याचा चेहरा तिने बहुतेक वेळा धड पाहिलेलाही नसे. सगळं हॉस्पिटल तिला थिएटरताई म्हणायचं.

मग सासूबाईंची दृष्टी गेली. नवरा नोकरीला परगावी; सकाळी कामवाली बाई असायची, पण दुपारनंतर घरात कुणीतरी हवं. थिएटरमध्ये अर्ध्या दिवसाची पाळी नव्हती. सात ते एक अशी सोय एकाच ठिकाणी होती, लकव्यातून सावरणाऱ्यांच्या वॉर्डात. पण तिथलं काम नव्याने शिकायचं होतं आणि चार महिने उमेदवारीवर राहायचं होतं. जमलं नाही तर परत थिएटर आणि पूर्ण पाळी, म्हणजे तिच्यापुरता राजीनामाच. म्हातारे सर्जन म्हणाले की पिकल्या पानाला पालवी फुटत नाही. ती त्रेचाळीस वर्षांची होती. तिने मान डोलावली आणि अर्ज सहीसाठी पुढे सरकवला.

नव्या वॉर्डात ती आल्या दिवसापासून सगळ्यांची लाडकी झाली. पेशंटने पेल्याकडे नुसतं बघितलं की पेला त्याच्या हातात. पाय खाली सोडले की चपला पायात. महिन्याभराने इन्चार्जने तिला बाजूला घेतलं. ही पोरगी तिच्याहून बारा वर्षांनी लहान, बोलताना अवघडलेली. ताईच्या खाटांवरचे पेशंट बाकीच्यांच्या मागे पडत होते.

"ताई, तुमच्याइतकं नेटकं काम इथे कुणाचं नाही," ती म्हणाली. "आणि त्यामुळेच तुमच्या पेशंटांचे हात हलत नाहीत."

ताईने घरी येऊन रोजच्यासारखा चहा सासूबाईंच्या हातात दिला, पण साखर घालायला विसरली. न सांगता हात पुढे होणं ही आयुष्यभराची कमाई होती, आणि तीच चूक ठरली होती. सासूबाईंनी खोदून खोदून विचारल्यावर तिने सांगितलं. म्हातारी हसली.

"मलाही तू चहा हातातच आणून देतेस. ओटा कुठे आहे ते मी अजून विसरले नाही गं."

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई चहा करू लागल्या आणि ताई खुर्चीत बसून राहू लागली. तीन कप फुटले. एकदा सासूबाईंचं बोट पोळलं, तेव्हा ताई अर्धी उठली आणि पुन्हा बसली. ते बसणं तिला कुठल्याही आठ तासांच्या ऑपरेशनपेक्षा जड गेलं.

चौथ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका गवंड्यापुढे दह्याची वाटी होती. उजवा हात लाकडासारखा. चमचा उचलला, पडला. पुन्हा उचलला, दही चादरीवर. ताई खाटेजवळ नुसती उभी. गवंड्याची बायको भडकली.

"हाताला काय मेंदी लावलीय का तुमच्या? दिसत नाही का माणूस उपाशी आहे ते?"

ताईचा उजवा हात आपसूक पुढे निघाला होता. तिने तो पाठीमागे नेऊन डाव्या हाताने घट्ट धरला.

"तिला बोलू नकोस," गवंडी तोंडातल्या तोंडात म्हणाला. "मिस्त्री ओळंबा लावून भिंत सरळ करतो तेव्हा मध्ये हात घालायचा नसतो."

अकरा मिनिटं गेली. चमचा तोंडात पोचला तेव्हा निम्मं दही दाढीला लागलं होतं.

"वाकडी आहे भिंत," तो म्हणाला, "पण उभी राहिली."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. इन्चार्ज केव्हापासून दारात उभी होती. तिने तिथेच, भिंतीला कागद टेकवून, ताईला कायम करण्याची सही केली.

पुढे दोन महिन्यांनी थिएटरमध्येही अर्ध्या पाळीची सोय झाली. त्या म्हाताऱ्या सर्जननी बोलावणं धाडलं. तुझ्या जागची नवी मुलगी फार सावकाश आहे, हत्यार देत नाही वेळेवर. ताईने एक दिवस विचार केला. थिएटर तिला आठवत होतं, स्वप्नात अजून दिसत होतं. तरी तिने निरोप पाठवला की मी इथेच बरी आहे, आणि त्या मुलीला जरा वेळ द्यावा, ती शिकेल.

त्याच आठवड्यात शेजारीण आली आणि सासूबाईंना विचारू लागली, एवढं मानाचं काम सोडून सून आता करते तरी काय?

"हात मागे बांधून उभी राहते," सासूबाई म्हणाल्या. "तुला जमायचं नाही ते."