दुसऱ्यांच्या नावावरचे फाऊल

"पगारे, आकडे काय म्हणतात? भोयेला ठेवायचं की नाही?" कोचनी तिसऱ्यांदा विचारलं.

सातपूरच्या आमच्या कंपनीची बास्केटबॉल टीम आहे. खेळतात म्हणून नोकरी, अशी ही माणसं. टीममधून नाव गेलं की पूर्णवेळ स्टोअरमध्ये. मी क्वालिटीत आहे; टीमचे आकडे सतरा वर्षं मीच ठेवतो. भोये हरसूलकडचा, वय सदतीस.

त्याचं शूटिंग पर्सेंटेज, म्हणजे शंभर शॉटपैकी पडलेले किती, घसरलं नव्हतं. थोडं वाढलंच होतं. वय झालं की खेळाडू अवघड शॉट मारतच नाही, म्हणून आकडा वाढतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. "ठेवा," मी लिहून दिलं.

सेमीफायनल हरलो. आमच्याच टीममधल्या, मालेगावच्या सोहेलला तिसऱ्या क्वार्टरमध्येच पाच फाऊल झाले. पाच झाले की बाहेर. परतताना बसमध्ये तो शेजारी येऊन बसला.

"काका, फाऊलपुढे माझं नाव लिहिता. समोरच्या टीमचा माणूस आधी कोणाकडून सुटला होता, ते कुठे लिहिता?"

कुठेच लिहीत नव्हतो.

कोण कधी आत-बाहेर गेलं, हे माझ्या वहीत असतं. दोन रविवार बसून भोये आत असतानाचे आणि नसतानाचे इतरांचे फाऊल वेगळे केले. तो आत असताना तेवढ्याच वेळात जवळजवळ दुप्पट. त्याच्याकडून सुटलेल्याला अडवायला दुसरा धावे, उशिरा पोचे, हात लागे. भोयेचं वय इतरांच्या नावावर चढत होतं आणि चढवत मी होतो.

कोचआधी भोयेला कॅन्टीनमध्ये वही दाखवली. त्याने सावकाश वाचली.

"साहेब, मला दोन वर्षं माहीत हाय. मागं पळताना गुडघा ऐकत नाय. पोरं सांभाळून घेत्यात. कोणी बोललं नाय, मग मी पण नाय बोललो."

"कोचना काय सांगू?"

"हाय तेच सांगा. आन् स्टोअरवाल्यांना म्हणावं, मी येतोय, वरच्या रॅकसाठी शिडी घेऊ नका."

पुढच्या सीझनला यादीत त्याचं नाव नव्हतं. सोहेलचे फाऊल कमी झाले. भोयेचे बास्केटही गेले. सेमीफायनल पुन्हा हरलो.

खेळाडू थकलाय का, हे त्याच्या आकड्यांआधी सोबतच्यांच्या आकड्यांत दिसतं. रिपोर्टमध्ये आता तेवढा एक रकाना जास्त असतो. कोच तो सहसा वाचत नाहीत.