आमच्या शेजाऱ्याची बुडालेली जहाजं

जगात आजवर जेवढी जहाजं बुडाली, त्यांतली निम्मी तरी केवळ आमच्या शेजाऱ्याला पूर्वज पुरवण्यासाठी बुडाली असावीत, अशी माझी खात्री आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वेकर्स हिलला राहायला आलो त्या दिवशी कुंपणापलीकडे हा सावळा, काळ्याभोर भुवयांचा सत्तरीचा गृहस्थ गुलाबांना पाणी घालत होता. मी मोठ्या आपुलकीने विचारलं, "भाईसाब, कचरे की गाडी कब आती है?" "नो वरीज, मेट," तो अस्सल ऑस्ट्रेलियन सुरात म्हणाला, "तुझी सगळीच माणसं चुकतात. मी आयरिश आहे. आईकडून थोडा स्कॉटिश." मी गोंधळलो. तो गोंधळ आजतागायत पूर्ण उतरलेला नाही. टूनगॅबीच्या भारतीय वाण्याकडे त्याला न मागता कोथिंबीर मिळते, मला मागूनही मिळत नाही.

आपण सावळे का, याचं उत्तर तो दर महिन्याला बदलायचा, आणि उत्तराबरोबर राहणीही. आयर्लंडच्या खडकांवर स्पॅनिश आरमार फुटलं आणि एक खलाशी पिंपाला धरून किनाऱ्याला लागला, हा सिद्धान्त चालू असला की तो आमच्या पोह्यांवरसुद्धा ऑलिव्ह घालून खायचा आणि दुपारी त्याच्या स्पॅनिश वामकुक्षीत बेल वाजवली तर रागवायचा. मग स्कॉटलंडच्या राजाकडे आफ्रिकेतून आलेला एक ढोलवादक सापडला. त्या महिन्यात आमचे कचऱ्याचे डबे त्याने बडवून काढले. पुढे कथील विकत घ्यायला आलेले प्राचीन फिनिशियन व्यापारी निघाले, तेव्हा पॅरामॅटाच्या मॉलमध्ये मोज्यांचा भाव करताना मी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ओळख न दाखवता पुढे गेलो.

"तू कशाला त्याच्या नादी लागतोस?" बायको म्हणायची. पण त्या वेडामागे एक हिशोब होता, तो त्याने मला एकदा कुंपणावर रेलून सांगितला. आईवडील गोरे, बहीण एके काळची गाजरासारख्या केसांची; हा एकटाच असा. शाळेत पोरं चिडवायची, तेव्हा आई लिंबाने त्याचे कोपर घासायची आणि म्हणायची, "सांग त्यांना, आपल्यात एक स्पॅनिश खलाशी होता." खरं काय ते आता फक्त बहिणीला ठाऊक होतं, आणि ती ब्याऐंशीची. "ती गेली की मी कोण होतो तेही तिच्याबरोबर गेलं, मेट. सरळ विचारलं तर फोन ठेवते. म्हणून दर रविवारी नवीन थाप ऐकवतो. कधीतरी चिडून खरं बोलेल."

गेल्या उन्हाळ्यात ती बहीण आठवडाभर त्याच्याकडे आली आणि माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे. आम्ही सगळ्यांना चहाला बोलावलं. सासूबाई गोऱ्यापान, घाऱ्या डोळ्यांच्या. शेजाऱ्याने जहाजांचा विषय काढताच त्या खुलल्या. "त्यांना सांगा, आम्ही कोकणस्थही समुद्रातूनच आलो. बोट फुटली, माणसं किनाऱ्याला लागली, परशुरामाने जिवंत केली."

मी भाषांतर केलं. शेजारी खुर्चीतून उडालाच. "एकच जहाज! गोरे तुमच्याकडे उतरले, सावळे आमच्याकडे! आणि तुझे लोक, मेट?"

"आम्ही देशस्थ. आमच्याकडे जहाज नाही."

"असतं तरी वेळेवर सुटलं नसतं," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात बहिणीने कप बशीवर आपटला. "पुरे! कुठलंही जहाज नव्हतं. आईची आई इथलीच होती. नदीकाठची. ॲबोरिजिनल, इथल्या मूळ लोकांतली."

चकलीचा घास माझ्या तोंडातच राहिला.

"त्या वेळी सरकारी माणसं यायची आणि त्यांची सावळी पोरं गोऱ्यांसारखी वाढवायला उचलून न्यायची," ती भावाकडे न बघता म्हणाली. "तुला नेलं असतं. म्हणून आईने तुला स्पॅनिश केलं. मला काही करावं लागलं नाही. मी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं."

"आजीचं नाव काय होतं?" त्याने विचारलं.

"नॅन. आम्ही नॅनच म्हणायचो." इथे सगळ्याच आज्यांना नॅन म्हणतात.

इतकी वर्षं ज्याच्या बडबडीने माझे रविवार बुडाले, तो माणूस मग तीन-चार दिवस पाइप हातात धरून एकाच गुलाबाला पाणी घालत राहिला. आणि शनिवारी सकाळी दोघं गाडीत बसून निघाले. नदीचं कुठलं वळण ते बहिणीलाही नीट आठवत नव्हतं; वाटेत आठवेल म्हणाली. सासूबाई लगबगीने नारळ घेऊन बाहेर आल्या. "पहिल्यांदा आपल्या मुळाच्या गावी जातोय, रिकाम्या हाताने कसा जाईल?"

त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. "याचं करायचं काय, मेट?"

"पाण्यात सोडायचा," सासूबाईंनी सांगितलेलं मी त्याला सांगितलं, "आणि मोठ्याने आपलं नाव सांगायचं. म्हणजे तिथल्यांना कळतं, कोण आलंय ते."

तो नारळाकडे बघत राहिला. पाठीशी आयरिश आडनाव घेऊन सत्तर वर्षं जगलेला माणूस.

"कुठलं नाव सांगू?" त्याने विचारलं.

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तेवढं मात्र मी त्यांना भाषांतर करून सांगितलं नाही.