शेवटच्या पानापासून

केतकर मॅडम कुठलाही अहवाल शेवटच्या पानापासून वाचत. पहिल्याच दिवशी मी कारण विचारलं तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "अरे निखिल, पुढची पानं मंत्र्यांसाठी असतात, मागची माशांसाठी. आणि सगळ्यात शेवटी सही. बुडायला कोण तयार आहे, ते आधी बघून घ्यावं."

आमचं ऑफिस आयरिश राजधानीतल्या बॉल्सब्रिजला. धंदा पर्यावरण संरक्षणाचा, म्हणजे ज्यांना पर्यावरणाची वाट लावायची आहे त्यांना तसा परवाना मिळेल असे अहवाल लिहून देण्याचा. कँटीनमधले प्लास्टिकचे चमचे काढून लाकडी आणले तेव्हा साहेबांनी केक कापला होता. त्याच आठवड्यात उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात तेलविहीर खोदू पाहणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. मुखपृष्ठावर कोणतं अस्वल घ्यायचं यावर दोन बैठका झाल्या. पिल्लू असलेलं ठरलं. मॅडम म्हणाल्या, "अस्वलाची सही घेतलीत का?" कोणी हसलं नाही. आमच्याकडे हसायलाही साहेबांची मंजुरी लागे.

मॅडम मूळच्या डोंबिवलीच्या, साठीला टेकलेल्या. समुद्रात सांडलेलं तेल किती वेळात कुठवर पसरेल, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्याचे नकाशे संगणकावर मी करायचो. जबाबदार तज्ज्ञ म्हणून सही मात्र त्यांची. ती नसेल तर अहवाल पुढे सरकत नसे.

तेल सांडलंच तर काय करायचं, हे प्रकरण आमच्या हुशार मंडळींनी कुठल्यातरी उबदार समुद्राच्या जुन्या अहवालातून जसंच्या तसं उचललं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'दररोज सूर्योदयानंतर विमानातून तवंगाची पाहणी केली जाईल.' बैठकीत मॅडमनी ते मोठ्याने वाचलं आणि आमच्या साहेबाला, डेक्लनला, शांतपणे विचारलं, "नोव्हेंबरात विहीर फुटली तर सूर्योदयाची वाट कधीपर्यंत बघायची? तिथे तो थेट पुढच्या वर्षी होतो."

"इट्स ग्रँड, सुलभा, काही बिघडत नाही," डेक्लन मॅडमना म्हणाला. "शब्द बदलू." त्याच्या लेखी जगातल्या सगळ्या संकटांवर हा एकच उतारा होता. शब्द बदलले. 'सूर्योदयानंतर' गेलं आणि 'पुरेसा प्रकाश असताना' आलं. ते शब्द मी सुचवले होते आणि तेव्हा मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

मॅडमनी सही करायला नकार दिला. "बर्फाखाली शिरलेलं तेल बाहेर कसं काढायचं, हे मला ठाऊक नाही. डेक्लनलाही नाही. परिशिष्टात मी तसं लिहिलंय. ते पहिल्या पानावर आणा, मग करते सही." पहिल्या पानावरही अस्वलच होतं. ते हलवायला कोणी तयार नव्हतं. महिन्याभरात मॅडम नोकरी सोडून मेनूथच्या विद्यापीठात शिकवायला गेल्या. जाताना टेबलावरचा आपला स्टीलचा पेला तेवढा नेला.

मग डेक्लनने मला बोलावलं. नकाशे माझे, तेव्हा तज्ज्ञही मीच, असा शोध त्याला नुकताच लागला होता. माझं वर्क परमिट याच नोकरीवर होतं. मुलगी घराजवळच्या, ओंगारच्या शाळेत रमली होती. कारणं खरी होती. भित्र्या माणसाला नेहमी खरीच कारणं सापडतात. मी सही केली.

अहवाल मंजूर झाला. छापील प्रत घेऊन मी मेनूथला मॅडमच्या घरी गेलो. परिशिष्टातला त्यांचा मजकूर मी भांडून जसाच्या तसा राखला होता, तो दाखवायचा होता. शाबासकी हवी होती म्हणा ना! "ये रे," म्हणत त्यांनी दार उघडलं. चष्मा डोळ्यांवर घेतला, प्रत उलटी केली आणि शेवटचं पान उघडलं.

मी घाईघाईने म्हणालो, "मॅडम, तुमचं परिशिष्ट आत आहे. एक शब्द बदलू दिला नाही मी."

त्यांनी प्रत मिटून माझ्या हातात दिली.

"माझं वाचून झालं," म्हणाल्या. मग अगदी नेहमीच्या आवाजात, "चहा टाकते. घेशील ना?"

लाजेने मान वर होत नव्हती. नको म्हणून उठायला हवं होतं. मी चहा घेतला, वर दोन बिस्किटंही खाल्ली. नाही म्हणणं मला तिथेही जमलं नाही.