मळलेली पानं

आपली पुस्तकं मळलेली, फाटलेली, कोपऱ्यांत कुरतडलेली पाहून ज्याचा चेहरा उजळतो असा लेखक सातारा-सांगली मिळून एकच होता, आणि सत्तरच्या दशकातले त्याचे बहुतेक शनिवार माझ्या वाट्याला आले. सांगलीच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होते. ते मूळचे साताऱ्याकडचे, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले कारकून. लग्न केलेलं नाही, जवळचं कुणी नाही, भाड्याची एक खोली. मुलांसाठी त्यांनी सात कादंबऱ्या लिहिल्या होत्या आणि सातही समुद्रावरच्या. त्यांचा कप्तान एका हाताने शिड आवरायचा आणि दुसऱ्या हाताने चाच्यांना लोळवायचा. स्वतः त्यांनी समुद्र एकदाच, रत्नागिरीला पाहिला होता. "फार हलतो," एवढंच त्यांचं त्यावर मत होतं.

शनिवारी साडेदहाला ते यायचे, ते थेट मागच्या नळावर. साबणाने हात धुवायचे आणि कुठेही न पुसता हवेत धरून वाळवायचे. "माझं बोट पोरांच्या बोटांत मिसळायला नको," म्हणायचे. मग बालविभागाच्या कपाटातून स्वतःच्या प्रती काढून भिंग लावून एकेक पान तपासायचं. "हा गूळ बघा. आणि ही शेंगदाण्याची चटणी. जेवताना वाचलंय बाई, आई ओरडली तरी खाली ठेवलं नाही." कोरं पान दिसलं की मात्र चेहरा पडायचा. तिसऱ्या कादंबरीत त्यांनी समुद्रावरचा सूर्योदय दोन पानं रंगवला होता. आमच्या सगळ्या प्रतींत ती दोन पानं दुधासारखी स्वच्छ राहिली. पुढच्या चारही कादंबऱ्यांत सूर्य कप्तान झोपेत असतानाच उगवून गेला.

साडेअकराला समोरची शाळा सुटली की ते मागच्या दाराने निघून जायचे. एकदा मी म्हटलं, "थांबा की. मुलांना केवढा आनंद होईल!"

"त्यांच्या डोक्यात कप्तान आहे बाई. तिथं हा दमेकरी गडी नेऊन उभा करू? लय खट्टू होतील हो पोरं."

प्रकाशकाने मलपृष्ठासाठी फोटो मागितला तेव्हाही त्यांनी गलबताचं चित्र पाठवून दिलं होतं. थोडक्यात, आपल्या वाचकांना ते फक्त बोटांच्या ठशांवरून ओळखत होते.

आणि नेमकं तेच मी पुसून टाकलं. त्यांना पासष्ट पूर्ण होणार हे माझ्या वहीत टिपलेलं होतं. मी रीतसर यादी केली: जुन्या प्रती काढणे, नव्या मागवणे, खाकी वेष्टणं, नवे क्रमांक. जुन्या प्रती रद्दीत न घालता शिराळ्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेला दिल्या. यादीतल्या प्रत्येक ओळीवर खूण झाली, याचं मला फार समाधान वाटलं.

शनिवारी ते आले, हात वाळवले, एक प्रत उघडली. दुसरी उघडली. तिसरी.

"एकानंही नेलं नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"नव्या आहेत!" मी म्हटलं. "तुमच्या वाढदिवसासाठी. जुन्या घाणेरड्या झाल्या होत्या, देऊन टाकल्या."

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "बाई, त्यांत पोरं होती हो," म्हणाले आणि दहा पन्नासलाच निघून गेले.

पुढचे दोन शनिवार ते आले नाहीत. मग सोमवारी रजा टाकून मी एस.टी.ने ते खेडं गाठलं आणि हेडमास्तरांकडे जुन्या प्रती परत मागितल्या.

"आवं बाई, देतो की! पन पुस्तकं शाळंत हायत कुठं? समदी गावात. एक सुताराच्या घरी हाय, म्हातारीला वाचून दावत्यात. तुमी न्यायला आलाय म्हटल्यावर निम्मी पोरं दप्तर घिऊन पळाली बगा."

मी रिकाम्या हाताने परतले. फक्त कुठलं पुस्तक कुणाच्या घरी आहे ते लिहून आणलं. ते त्यांच्या खोलीवर नेऊन दिलं. त्यांनी तो कागद उभ्यानेच चार वेळा वाचला. मी म्हटलं, "रविवारी चला माझ्याबरोबर." आणि काय आश्चर्य, ते हो म्हणाले.

रविवारी इस्त्रीचा सदरा घालून ते स्टँडवर माझ्याही आधी हजर. गाडीत खिडकीपाशी बसले. ड्रायव्हर अजून यायचा होता.

"पोरांनी माझ्याबद्दल काही विचारलं का?"

"विचारलं ना. दिसतात कसे, म्हणून."

"मग?"

आयुष्यात कधी खोटी नोंद केली नाही मी. पण त्या दिवशी शाळेत वीस-पंचवीस पोरं तोंडाकडे बघत होती. "सांगितलं... उंच आहेत. भरदार मिशा आहेत. आवाज असा की खिडक्या वाजतात."

ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. मग समोरच्या सीटचा दांडा धरला.

"झकास सांगितलंत," म्हणाले. "आता मला जाता यायचं नाही."

मी पुष्कळ समजावलं. पण ते उठले होते, दारातल्या बाईची टोपली ओलांडून खाली उतरलेही होते. खिडकीखाली येऊन म्हणाले, "तुम्ही जा. कुठलं पान किती मळलंय ते नीट बघून या. आणि सांगा, कप्तान मोहिमेवर गेलाय."

गाडी सुटली. इस्लामपूरपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.