चढणीची गाडी

बापू गेल्याचा निरोप घेऊन पालीहून माणूस आला, तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. दारातच उभा राहून त्याने टोपी काढली. "ताई, बापू..." एवढंच बोलला. मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "व्हाळ ओलांडला होता का?" तो मान खाली घालून म्हणाला, "नाय. अलीकडंच गेला."

सख्खा भाऊ गेल्याचं कळल्यावर बहिणीने पहिला प्रश्न हा विचारावा, याचं रत्नागिरीच्या माझ्या शेजाऱ्यांना नवल वाटलं. त्यांनी आमचं माहेरचं घर पाहिलेलं नाही. पालीच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की बैलगाडीची वाट, मग व्हाळ, आणि व्हाळापलीकडे कातळावरची खडी चढण. घर आणि कलमांची बाग त्या चढणीच्या माथ्यावर. श्रावणात व्हाळाला कमरेच्या वर पाणी असतं. त्या सकाळी बापूच्या छातीत कळ आली. चौघांनी त्याला खुर्चीत बसवून खाली आणलं, आणि पाणी उतरायची वाट बघत सगळे काठावर थांबले. टेम्पो रस्त्याच्या बाजूच्या काठावर इंजिन चालू ठेवून उभा होता. त्याची बायको, माझी वहिनी, छत्री धरून होती. बापू डोळे मिटून तो आवाज ऐकत होता आणि म्हणाला, "एक सिलिंडर काम करीत नाय त्याचा." त्यानंतर तो बोलला नाही.

टेम्पोवाल्याला मी दोष देत नाही. त्या पाण्यातून आणि त्या चढणीवरून हसत येणारी गाडी एके काळी आमच्या दारात होती. बापूने ती स्वतःच्या हातांनी उभी केली होती आणि आमच्या थोरल्या भावाने, दादाने, ती विकली. हे छापून आलं की आमच्या घरात काहींना राग येईल. येऊ दे.

गाडी बाबांनी लष्कराच्या लिलावातून आणलेली. जुनी पिकअप, रंग शेवाळी, चारही चाकं इंजिनाच्या जोराने फिरणारी. बाबा गेले आणि पुढल्याच हंगामात ती चढणीच्या मध्यावर दगा देऊ लागली. छोटा गिअर आपोआप सुटायचा आणि आंब्याच्या पेट्यांसकट गाडी मागे घरंगळायची. बापू हातखंब्याच्या गॅरेजात चार वर्षं राबलेला. त्याने खाली शिरून पाहिलं आणि सांगितलं, ट्रान्सफर केस गेलीय. म्हणजे काय, ते त्यानेच मला समजावलं होतं. गिअरबॉक्सच्या पाठीमागे एक लोखंडी डबा असतो, तो इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही पोचवतो आणि चढणीसाठी तो वाढवतो. त्याच्यातले दात झिजले होते, बेअरिंग खिळखिळी झाली होती.

दादा मुंबईला गोदीत. गाडीचे कागद थोरला म्हणून त्याच्या नावावर. गणपतीला आला तेव्हा त्याने गाडीच्या टायरला चपलेचं टोक लावलं आणि म्हणाला, "भंगारात घाल." बापू म्हणाला, "हंगामाच्या आधी चालू करून दाखवतो." दादा हसला. "दाखव. चालू झाली तर ठेवू." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, ओटीवर बसून, सगळ्यांच्या देखत.

बापूने तो डबा मांगरात खोलला. मांगर म्हणजे आमची अवजारं ठेवायची खोप. गोणपाटावर त्याने एकेक भाग काढून मांडला, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. त्यात कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या होत्या. बेअरिंगच्या झाकणाखाली त्या किती आणि कुठल्या घालायच्या, यावर सगळं अवलंबून. जास्त झाल्या तर गिअर ज्यावर बसतात तो दांडा खुळखुळतो, कमी झाल्या तर आवळून बसतो. मग नवं बेअरिंग आणि दोन गिअर शोधायला तो कोल्हापूरच्या जुन्या बाजारात गेला.

नेमकी दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मीही माहेरी आलेली. खंडेनवमीला आमच्याकडे कोयती, पारई, नांगराचा फाळ सगळं घासूनपुसून पूजेला मांडतात. वहिनीने मांगरात डोकावलं. नवऱ्याची सगळ्यात मोलाची अवजारं तेलाने बरबटून गोणपाटावर पडलेली... तिला कसंसंच झालं. तिने चुलीवर हंडा चढवला, कढत पाण्यात राख घालून प्रत्येक भाग घासला, कोरडा केला आणि ओटीवर पाटावर मांडला. मोठ्यापासून लहानापर्यंत, ओळीने. चकत्या सगळ्या एका ताटलीत. प्रत्येकावर हळद, कुंकू, झेंडूचं फूल. मी स्वतः तिला फुलं तोडून दिली. दोघींनाही वाटलं, बापू खूश होईल.

तो संध्याकाळी आला. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले गिअर घेऊन एसटीत बसून अंग आंबलेलं. पाटासमोर उभा राहिला. मग चपला काढल्या आणि हात जोडले.

"अगो, ह्या चकत्या कुठं कुठं होत्या?" त्याने वहिनीला विचारलं.

"पातळ पातळ सगळ्या एका जागी ठेवल्या. बऱ्या दिसतात."

"बऱ्या दिसतात खऱ्या," बापू म्हणाला आणि पाय धुवायला न्हाणीकडे गेला.

पुजलेल्या अवजाराला दसरा झाल्याशिवाय हात लावायचा नाही, म्हणून तो तेवढा वेळ गप्प बसला. नंतर सुरू झाली ती जोडायची आणि खोलायची चक्की. चकत्या घालायच्या, झाकण आवळायचं, दांडा दोन बोटांनी फिरवून बघायचा, परत खोलायचं. गावातले येऊन बघायचे आणि "काय बापू, पूजा पावली काय?" म्हणून खिदळायचे. हीच माणसं आता तेराव्याला पंगतीत बसून त्याच्या हाताच्या गुणाची वर्णनं करत होती. वहिनीला काय झालं ते कळलं तेव्हा ती रडली. बापूने तिला जवळ बसवून घेतलं. ती चकत्या हातात द्यायची. पुढे पुढे तर अंगठा आणि बोट यांच्यात धरून कुठली जाड, कुठली पातळ ते तीच सांगू लागली. मार्गशीर्षात एका सकाळी दांडा दोन बोटांनी फिरला, जरासा जड, कुठे न अडकता. बापूने वहिनीचा हात धरून तिलाही तो फिरवायला लावला.

त्या हंगामात गाडीने आमच्याच काय, शेजारच्या चार बागांच्याही पेट्या खाली नेल्या. मे महिन्यात दादा आला. व्हाळापासून वरपर्यंत पुढे बसून आला. उतरल्यावर बॉनेटवर थाप मारली. "चांगली चढते की रे." बापूचा चेहरा त्या दिवशी कसा झाला होता, ते मी विसरलेले नाही.

गणपतीला दादा गिऱ्हाईक घेऊनच आला. लोट्याकडे कारखान्यांची बांधकामं घेणारा कुणी कंत्राटदार. चालू गाडीला भाव होता आणि दादाला मुंबईत मोठी खोली घ्यायची होती. मी त्याला ओटीवरच्या बोलण्याची आठवण दिली. "तू सासरची. ह्यात बोलू नको," तो म्हणाला. मी तरीही बोलले, मोठ्याने बोलले. बापू मात्र एवढंच म्हणाला, "कागद दादाच्या नावावर हायत." गावातल्या एकाने सुचवलं, दोन चकत्या काढून घे, पहिल्याच घाटात आवळून बसेल दांडा. त्याच्या जागी मी असते तर मूठभर काढल्या असत्या. बापूने काय करावं? ट्रान्सफर केसमध्ये नवं तेल भरलं आणि कंत्राटदाराच्या ड्रायव्हरला शेजारी बसवून शिकवलं, "छोटा गिअर चढण लागायच्या आधी घाला. मध्यावर नको." त्याच्या या चांगुलपणाचं कौतुक मला तेव्हाही नव्हतं, आजही नाही. ते त्याला महागात पडलं.

तेराव्याला दादा भाड्याची मोटार करून आला. व्हाळाशी ती थांबली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, धापा टाकत तो वर आला, पाणी प्यायला आणि विचारलं, "अजून गाडी वर येत नाय काय?" वहिनीने त्याच्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि आत गेली.

आता काल खंडेनवमी झाली. दुखवट्याचं वर्ष, घरात सण नाही. शिवाय बायकांनी वहिनीला आधीच बजावलं होतं, तू कुंकवाला हात लावायचा नाहीस. मी तिला सोबत म्हणून गेले होते. ती मांगरात सापडली. बापूचे पाने, हातोडी, पक्कड, सगळं तेलाच्या फडक्याने पुसून तिने गोणपाटावर मांडलं होतं. हळद नव्हती, फूल नव्हतं. मोठ्या पान्याशेजारी एक बारका, मग पक्कड, मग पुन्हा मोठा... मला ते विस्कटल्यासारखं वाटलं. मी वाकून एक पाना ओळीत सरकवायला गेले.

"राहू दे वन्सं," ती म्हणाली. "त्यांना ज्या क्रमानं लागतात, तसेच ठेवलेत."